किलोमागे बारा रुपये

वाचकहो, यापुढे मी जो प्रसंग निवेदन करणार आहे, तो पाळीव प्राण्यांच्या सांभाळाचा दर ठरविण्याविषयीचा आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि त्या दरापायी माझ्या घरात एक आठवडा जे घडले ते मी नऊ वर्षे मनात बाळगले असून, आज त्यातील काहीही न वगळता, माझी चूक जिथे आहे तिथे ती तशीच ठेवून, सांगणार आहे. माझे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झालेले आहे. वाचन मात्र पुष्कळ आहे, कारण सरकारी दवाखान्यात दुपारी वेळ मिळत असे.

दिवाळीपूर्वीचा शनिवार होता. सकाळचे सव्वानऊ झाले होते. नाशकात सिडकोतील आमच्या घराच्या अंगणात कांद्याच्या गोणी तोलण्याचा लोखंडी काटा मांडलेला होता आणि त्यावर सम्राट नावाचा लॅब्रेडॉर कुत्रा जीभ बाहेर काढून उभा होता. त्याचे मालक कर्णिकसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून दांडीवरच्या पितळी वजनाकडे पाहत होते. दिवाळीत ते दहा दिवस मुलीकडे बंगळूरला जाणार होते आणि सम्राट आमच्याकडे राहणार होता. म्हणजे दर पटला तर राहणार होता.

"गांगुर्डे, पट्टा आणि साखळी धरून मोजताय तुम्ही," साहेब म्हणाले.

मी साखळी सोडली, पट्टा काढला आणि वजन पुन्हा सरकवले.

"एक्केचाळीस, साहेब."

"बुधवारी चाळीस होता."

"बुधवारी आपण त्याला उपाशी आणला होता."

"उपाशी नव्हता. त्याला भूक नव्हती." साहेबांनी चष्मा खाली घेतला. "आणि मला एक सांगा. समजा, आमच्या आठवणीनं तो झुरला आणि पाचव्या दिवशी दोन किलोनं उतरला. तर पुढच्या पाच दिवसांचा दर कोणत्या वजनावर?"

हा प्रश्न माझ्या दरपत्रकात नव्हता. दरपत्रकात तेरा कलमे होती. मी त्याच रात्री चौदावे लिहिण्याचे मनाशी ठरविले.

माझी पत्नी अलका ओट्याच्या पायरीवर बसून वाफवलेल्या माशाचे काटे काढत होती. ते मासे आमच्यासाठी नव्हते. ते मखमल नावाच्या तीन किलो वजनाच्या मांजरीसाठी होते. अलकाच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडे होते, काही ताजे, काही खपली धरलेले. साहेबांचा प्रश्न ऐकून तिने उघड्या दारातून आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि ते पाहणे कशासाठी होते, हे मला ठाऊक होते.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकतीस वर्षे परिचर होतो. जनावर धरणे, पट्टी बांधणे, औषध पाजणे ही माझी कामे. या एकतीस वर्षांत एकदाही मला माझ्या तोंडाने कोणाला रक्कम सांगावी लागली नाही. शुल्क सरकारने ठरविलेले, पावती छापलेली. मी ती फाडून पुढे करीत असे आणि मान दुसरीकडे वळवीत असे. निवृत्त झाल्यावर लोक आपणहून कुत्री आणून सोडू लागले. मामा, दोन दिवस बघाल का, गावाला जायचंय. मी हो म्हणे. परत नेताना ते विचारत, मामा, काय द्यायचं? आणि माझ्या तोंडून प्रत्येक वेळी एकच वाक्य बाहेर पडे, की द्या तुमच्या मनाने.

लोकांची मने मला त्या वर्षात नीट कळली. चार दिवस अल्सेशियन सांभाळल्याबद्दल एका गृहस्थांनी चिवड्याचा डबा दिला आणि डबा परत मागितला. दुसऱ्यांनी सरत्या वर्षाची डायरी दिली. एका बाईंनी पन्नासाची नोट अलकाच्या हातात कोंबून, राहू दे गं, असे म्हटले, जणू काही तीच नको म्हणत होती.

अलका त्या वेळी मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाकाला जात असे. दिवसाला दोनशे ऐंशी रुपये मिळत. पहाटे पाचला बाहेर पडायची ती सायंकाळी सातला परतायची. बावीस वर्षे आम्ही एका घरात राहून एकमेकांना मुख्यत्वे जेवताना पाहिले होते. श्रावणात मी तिला म्हणालो की मेस सोड, आपण दोघे मिळून हे काम रीतसर करू, फलक लावू, दर ठरवू. तिने सोडली. मी फलकही रंगवून घेतला. 'प्राणिमित्र निवास' हे नाव मला स्वतःलाच सुचले. नावाखाली दराची जागा मोकळी सोडली होती, ती दसरा उलटला तरी मोकळीच होती.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, म्हणजे या प्रसंगाच्या बरोबर एक आठवडा आधी, मेसच्या चौधरीताईंचा फोन आला. अलकाच्या जागी ठेवलेली बाई सोडून गेली होती. पुढच्या शनिवारी पाचपर्यंत हो किंवा नाही सांग, नाहीतर मी दुसरी बघते, असा त्यांचा निरोप होता.

अलकाने फोन ठेवला आणि मला शांतपणे सांगितले, "आठवडा आहे. तेवढ्यात दर लागला आणि दिवाळीची कामं त्या दरानं आली तर मी इथं. नाहीतर सोमवारपासून मी मेसमध्ये. मग तुम्ही नि तुमचं मन."

मी त्या रात्री तेरा कलमांचे दरपत्रक लिहून काढले. त्याचा पाया असा होता. दवाखान्यात औषधाची मात्रा जनावराच्या वजनावरून ठरत असे. इतक्या किलोला इतके मिली. ज्या हिशेबाने जीव वाचतात, त्याच हिशेबाने सांभाळाचा दर का ठरू नये? किलोमागे, दिवसाला, बारा रुपये. शिवाय यात एक मोठी सोय होती, आणि ती मी कलमांत लिहिली नव्हती. आकडा मला सांगावा लागणार नव्हता. काटा सांगणार होता. पावती फाडताना वळवीत असे तशी मान वळवून मी उभा राहिलो की झाले. लासलगावच्या चुलतभावाकडे कांद्याच्या खळ्यावरचा जुना काटा पडून होता, तो मी रविवारी टेम्पोत घालून आणला.

अलकाने दरपत्रक वाचले. तेराही कलमे वाचली. मग म्हणाली, "आणि मांजर?"

"मांजराचे वजन कमी, म्हणून दर कमी. न्याय्य आहे."

"मांजर कधी सांभाळलंय तुम्ही?"

दवाखान्यात मांजरे येत, पण ती टॉवेलात गुंडाळून दोन मिनिटे धरायची असत. मी तिला तसे सांगितले नाही.

सोमवारी वागळे मॅडम आल्या. या दंतवैद्य. एप्रिलमध्ये माझी दाढ त्यांनीच काढली होती आणि तिचे आठशे रुपये झाले होते. शनिवारपर्यंत त्या नागपूरला एका परिषदेला जाणार होत्या. मखमल टोपलीत होती. काट्यावर टोपली ठेवली, नंतर रिकामी टोपली वजा केली. तीन किलो. छत्तीस रुपये. मॅडमनी मला दोनदा विचारले की छत्तीस दिवसाचे की तासाचे. दिवसाचे, असे मी अभिमानाने सांगितले. त्यांनी सूचनांचा कागद दिला. मासा काटे काढून हाताने भरवावा, डाव्या डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालावेत, अंगावरून ब्रश फिरवावा, तिला एकटे सोडू नये.

मॅडमनी ही वार्ता आपल्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात सांगितली असावी. कारण मंगळवार-बुधवारी तिकडून रिक्षांची रीघच लागली. एक म्हातारे मांजर, जे बसल्या जागी घाण करी. सशांची जोडी. आणि एक पोपट. पोपट काट्यावर ठेवला तेव्हा दांडी हललीच नाही. त्याच्या मालकांनी, शंभर ग्रॅम धरा, असे सुचविले. एक रुपया वीस पैसे झाले. त्यांनी दोन रुपये दिले आणि, राहू द्या, असेही म्हणाले. मोठी कुत्री मात्र काट्यावर चढत, आकडा ऐकत आणि उतरून घरी जात. गुरुवारी माझ्याकडे पाच जीव होते. एकूण वजन अकरा किलो. दिवसाचे एकशे बत्तीस रुपये.

मखमलला औषध घालण्याचे काम मी एकदाच केले. त्यानंतर माझे काम काट्याचे आणि अलकाचे काम बाकी सर्व, अशी विभागणी आपोआप झाली. म्हातारे मांजर पुसायचे, सशांचे गवत बदलायचे, पोपटाने टाकलेली मिरची झाडायची, आणि मखमल. थेंब घालताना मखमल आधी अगदी स्वस्थ बसे आणि नंतर एकदम चारही पाय वापरी. मी बाजूला उभा राहून सूचना देत असे. शुक्रवारी अलका म्हणाली की तुम्ही बोलू नका, ती तुमच्या आवाजानं बिथरते. मला ते खरे वाटले आणि मी दरपत्रकाची स्वच्छ प्रत काढायला बसलो.

आता पुन्हा शनिवारी, सम्राट काट्यावर उभा असताना.

कर्णिकसाहेबांच्या झुरण्याच्या प्रश्नावर मी म्हणालो की आपण सरासरी वजन धरू शकू. साहेब म्हणाले की सरासरी काढायची तर रोज वजन हवे, आणि रोजच्या वजनाची नोंद त्यांना बंगळूरला कळवावी लागेल. मी हो म्हणालो. साहेब म्हणाले की आता त्याची केसगळती सुरू आहे, तर त्या केसांचे काय. त्यावर मी काय उत्तर देणार होतो, ते मला आज आठवत नाही. परंतु मी उत्तर देणार होतो, हे निश्चित.

अलकाने माशाचे ताट खाली ठेवले. पदराला हात पुसले. अंगणात उतरून तिने सम्राटच्या मानेवर थाप मारली, तसा तो खाली उतरला. मग तिने चपला काढल्या आणि ती स्वतः काट्यावर उभी राहिली.

"माझं करा," ती म्हणाली.

"अलका, साहेब उभे आहेत."

"उभे राहू द्या. साहेबांना वजनातलं कळतं. करा."

मी पितळी वजन सरकवले. दांडी स्थिर झाली.

"किती?"

"बावन्न."

"बावन्न बारे?"

कर्णिकसाहेब बँकेतले. आकडा त्यांच्याच तोंडून निघाला. "सहाशे चोवीस," ते म्हणाले.

"मेसमध्ये मला दोनशे ऐंशी मिळतात," अलका काट्यावरूनच बोलत होती, आवाज चढवला नव्हता. "इथं पाच जनावरं, पाच दिवस झाले, मी रात्रीसुद्धा उठतेय. इथं मला किती मिळतात, ते यांच्या कागदात नाही. तेरा कलमं आहेत. मी एकातही नाही. मी शोधलं."

पिंजऱ्यातला पोपट गजांवर चोच घासत होता. मी खिशातील स्वच्छ प्रतीला हात लावला, आणि मला प्रथमच ती तेरा कलमे एकापाठोपाठ एक आठवू लागली. अन्न, पाणी, फिरवणे, आंघोळ, औषध, आजारपण, पलायन, चावा. प्राणी मालकास चावल्यास काय, हेही मी लिहिले होते.

अलका खाली उतरली आणि साहेबांकडे वळली.

"साहेब, दिवसाला पाचशे. चार पायांचं काहीही असू द्या, पाचशे. दोन पायांच्याला निम्मे, माणूस सोडून. सम्राटला मी सकाळ-संध्याकाळ फिरवीन, तुम्ही जे खायला घालता तेच घालीन. झुरला तर ते मी बघीन. वजन कोणी करायचं नाही."

साहेब आता काय बोलतील, निघून जातील, कॉलनीत काय सांगतील, हे सर्व माझ्या मनात एकदम आले. मी तोंड उघडलेही. मनाने, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. बुधवारपासून एकेका किलोसाठी माझ्याशी झगडलेल्या साहेबांनी सम्राटच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"पाचशे," ते म्हणाले. "बरं. सोमवारी आठला आणून सोडतो. आणि गांगुर्डे, तो काटा वाटेतून बाजूला करा, पाय अडखळतो."

ते सम्राटला घेऊन गेले. मी फाटकाशी उभा राहिलो होतो. एवढेच असते, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी समजले. कोणी एक आकडा सांगतो, समोरचा, बरं, म्हणतो, आणि माणसे घरी जातात.

"पाचशे कसे काढलेस?" मी विचारले.

"तुम्हीच काढले होते. एक्केचाळीस बारे चारशे ब्याण्णव. आठ रुपये सुट्टे कुठून आणणार होतात?" ती पुन्हा माशाच्या ताटाशी जाऊन बसली. "आता वागळेबाई येतील बाराला. त्यांना तुम्ही सांगायचं."

मी म्हणालो की त्यांना तूच सांग, तुला चांगले जमते. तिने मान वर न करता उत्तर दिले.

"मला जमतं, ते झालंच. पण मी आत असताना कोणी आलं, की तुम्ही पुन्हा डबा घेऊन बसाल. तुम्ही सांगितलंत तर मी पाच वाजता चौधरीताईंना नाही म्हणते. नाहीतर मला मेसच बरी. तिथं निदान पगार मला मागावा लागत नाही."

बारा वाजता वागळे मॅडम आल्या तेव्हा अलका मुद्दाम आत गेली. मॅडम आनंदात होत्या. त्यांनी टेबलावर सहा दिवसांचे दोनशे सोळा रुपये मोजून ठेवले आणि सांगितले की आता दिवाळीचे दहा दिवस त्या सहकुटुंब केरळला चालल्या आहेत, तर मखमल इथेच राहू द्या, तिला चांगलेच मानवले आहे.

"मॅडम, जुने जे ठरले होते ते ठरले," मी म्हणालो. "येथून पुढे दर बदलला आहे. दिवसाला पाचशे."

वाक्य पूर्ण झाले. माझ्या पायांना घाम आला होता.

"कशाचे पाचशे? एवढ्याशा मांजराचे?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. 'तुमच्या मनाने द्या' हे शब्द पुन्हा तोंडाशी आले. एकतीस वर्षांची सवय होती. मी भिंतीकडे मान वळवण्याच्या बेतात होतो आणि भिंतीकडे अलकाने हातांवरचे ओरखडे पुसून, धुवून वाळत घातलेले फडके होते, ज्यावर रक्ताचे तांबूस डाग उरले होते. मी मान वळवली नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "दात तरी केवढा असतो?"

आत अलका हसली. मोठ्याने नव्हे, पण मॅडमना ते ऐकू गेले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या की त्यांनी शिकण्यात आठ वर्षे घालवली आहेत. मी म्हणालो की खरे आहे. त्या म्हणाल्या की या पैशांत त्या मांजर सोबत नेतील.

"न्या," मी म्हणालो.

त्यांनी मखमलला स्वतः उचलून टोपलीत कोंबले, झाकण लावले आणि रिक्षा करून त्या गेल्या. टोपलीतून येणारा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

अलका बाहेर आली. तिने टेबलावरचे दोनशे सोळा रुपये उचलले, पाहिले आणि पुन्हा ठेवले. मी तिला विचारले की आता काय करायचे, तर ती म्हणाली, बसा, चहा टाकते. त्या चहाला काही चव लागली नाही. एक सम्राट सोडला तर दिवाळीचे एकही काम हातात नव्हते. म्हातारे मांजर संध्याकाळी जाणार होते, ससे आणि पोपट उद्या. घड्याळात दीड वाजला, मग दोन. दर लावणे म्हणजे गिऱ्हाईक घालवणे, अशी माझी समजूत पक्की होत चालली होती, आणि मी ते म्हणूनही दाखवले.

"गेली तर गेली," अलका म्हणाली. "दोन दिवस माझे हात तरी वाळतील."

पावणेतीन वाजता तीच रिक्षा परत आली. वागळे मॅडम उतरल्या. त्यांच्या उजव्या मनगटावर पांढरा रुमाल घट्ट बांधलेला होता आणि त्यातून लाल उमटले होते. टोपली रिक्षावाल्याने आणली. त्यांनी तिला हात लावला नाही.

"डोळ्यात थेंब घालत होते," त्या म्हणाल्या. पायरीवर बसल्या. मग अलकाच्या हातांकडे त्यांचे लक्ष गेले. सोमवारी त्या आल्या तेव्हा ते कोरे होते. आणि बारा वाजता अलका आत असल्याने त्यांनी ते पाहिले नव्हते. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"पाचशेच ना?" त्यांनी विचारले, माझ्याकडे नव्हे, अलकाकडे.

"यांना विचारा," अलका म्हणाली.

"पाचशे," मी म्हणालो. या वेळी पायांना घाम आला नाही.

अलकाने त्यांना नळाखाली नेले आणि स्वतःच्या हाताने साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली, मी दवाखान्यात शिकून तिला सांगितले होते त्याप्रमाणे. आजच इंजेक्शन घ्या, टाळू नका, असे बजावले. मॅडम शाळेतल्या मुलीसारख्या हो हो म्हणत होत्या. जाताना त्यांनी अलकाला विचारले की तुम्ही काही लावता की नाही हातांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलम पाठवून दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाच वाजायला दहा मिनिटे असताना अलकाने चौधरीताईंना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, ताई, दुसरी बघा, मला इथं काम आहे. एवढेच बोलली. फोन ठेवून ती आत गेली आणि मी फलकावरच्या मोकळ्या जागेत खडूने, नंतर रंगाने, एक ओळ लिहिली. तेरा कलमांची स्वच्छ प्रत मखमलच्या खोक्यात अंथरली. तिने ती दोन दिवसांत फाडली.

काटा मी लासलगावला परत पोचवला. त्या दिवाळीत सम्राट झुरला नाही. उलट दोन किलोंनी वाढला, पण ते आम्हाला कर्णिकसाहेबांकडून कळले.

त्यानंतर दर तीनदा वाढला आहे. प्रत्येक वेळी दसरा झाला की मी रंगाचा डबा काढतो आणि अलकाला विचारतो, किती लिहू? ती लगेच सांगत नाही. आधी बाह्या वर करून दोन्ही हात उजेडात धरते, उलटेसुलटे करून बघते, आणि मग आकडा सांगते. मी तो लिहितो. कोणी विचारले तर मी तो तोंडानेही सांगतो.

ज्या वाचकांनी एका सामान्य माणसाचे हे निवेदन शेवटपर्यंत वाचले, त्यांचा वेळ मौल्यवान आहे हे मी जाणतो आणि त्यांचे मनापासून आभार मानतो.

आपला नम्र,
निवृत्ती सोनाजी गांगुर्डे
प्राणिमित्र निवास, सिडको, नाशिक